हेडर बसवले आणि दिवा लागला

शेव्हरोले कॅमारो झेड२८ या गाडीत १९९८ ते २००२ या काळात ‘एलएस१’ नावाचं ५.७ लिटरचं व्ही८ इंजिन असायचं. अमेरिकेतल्या हौशी मंडळींची ही लाडकी गाडी, आणि तिच्यावरचा पहिला प्रयोगही ठरलेला. कंपनीचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढायचे आणि त्यांच्या जागी लांब नळ्यांचे हेडर बसवायचे. शनिवार-रविवार खपून काम उरकतं, आवाज मनासारखा भरदार येतो, पिकअपही सुधारतो. मग दोन-चार दिवसांत डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर लावला की ऑक्सिजन सेन्सरच्या नावाचा कोड निघतो. नवा सेन्सर येतो, बसतो, कोड पुसला जातो, आणि पुढच्या आठवड्यात दिवा परत हजर.

गाडी कॅमारो असो, मस्टँग असो वा आणखी कुठली, हा क्रम सगळीकडे असाच दिसतो. त्यात जातात ते पैसे बहुतेक वेळा फुकट जातात. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला, असं समीकरण मांडता येत नाही. सेन्सर फक्त आपल्या टोकापाशी आलेल्या वायूत ऑक्सिजन किती आहे तेवढं सांगतो. तो ऑक्सिजन कुठून आला, तो सांगणारा सेन्सर पुरेसा तापलेला आहे का आणि त्याची वायर बरोबर ठिकाणी जोडली आहे का, हे शोधायचं काम माणसाचं असतं. हेडर बसवताना नेमक्या या तिन्ही गोष्टींना हात लागलेला असतो.

सेन्सर मोजतो काय

लॉस एंजेलिसवर १९४०च्या दशकात साचू लागलेल्या धुरक्याचं कोडं अरी हागेन-स्मित या डच वंशाच्या रसायनतज्ज्ञानं १९५०च्या सुमारास उलगडलं. गाड्यांच्या धुरातली हायड्रोकार्बन्स आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, हे त्यानं दाखवून दिलं. पुढे कायदे कडक झाले आणि गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन्स आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिन्हींवर एकाच वेळी काम करणारा ‘थ्री-वे’ कन्व्हर्टर मात्र फार काटेकोर असतो. हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण वजनानं १४.७ ला १ याच्या अगदी जवळ राहिलं, तरच तो तिन्ही विषांचा बंदोबस्त करतो. हे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळायला काहीतरी मोजमाप हवं होतं. बॉश कंपनीचा ‘लॅम्डा’ सेन्सर त्यासाठी आला आणि १९७६ साली व्होल्वोच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांमध्ये तो पहिल्यांदा बसला.

त्याच्या पोटात झिर्कोनियाचं, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकचं, टोपणासारखं टोक असतं. त्याच्या बाहेरच्या बाजूला एक्झॉस्टचा वायू आणि आतल्या बाजूला साधी हवा. सिरॅमिक साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहू लागतात. दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितका दाब, म्हणजे व्होल्टेज, तयार होतं. या गणिताचं समीकरण वाल्थर नेर्न्स्टनं १८८९ मध्ये, म्हणजे मोटारीच्या बाल्यावस्थेतच, मांडलं होतं.

मिश्रण रिच असेल, म्हणजे पेट्रोल जास्त आणि ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असेल, तर सेन्सर ०.८ ते ०.९ व्होल्ट दाखवतो. मिश्रण लीन असेल, म्हणजे ऑक्सिजन शिल्लक असेल, तर ०.१ व्होल्टच्या आसपास. मधली उडी एकदम होते. त्यामुळे चालत्या गाडीत पुढच्या सेन्सरचा आकडा सतत वर-खाली नाचत असतो आणि तो नाचला पाहिजे. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्या नाचाकडे बघून पेट्रोल थोडं वाढवतो, थोडं कमी करतो.

यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही तर सगळं पेट्रोल न जळता बाहेर पडतं, पण त्याच्यासोबत सगळा ऑक्सिजनही बाहेर पडतो. सेन्सर म्हणणार, मिश्रण लीन आहे. ईसीयू त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल आणखी वाढवणार. हेडरच्या नळ्या स्पार्क प्लगच्या अगदी जवळून जातात आणि एलएस१ सारख्या इंजिनात प्लगची वायर किंवा तिचं टोपण नळीला टेकून भाजणं हे नेहमीचं दुखणं आहे. म्हणून लीनच्या कोडसोबत पी०३०० किंवा त्याच्या पुढचे मिसफायरचे कोड असतील, तर सेन्सर राहू द्या, आधी प्लगच्या वायरी बघा.

हेडरनं बदललं काय

गेल्या आठवड्यापर्यंत कोड नव्हता आणि आज आहे. मग मधल्या काळात कशाला हात लागला, याची यादी आधी करावी. हेडरच्या कामात ती यादी बरीच लांब होते.

पहिला बदल सेन्सरच्या जागेचा. कंपनीच्या मॅनिफोल्डमध्ये सेन्सर इंजिनच्या जवळ असतो. लाँग-ट्यूब हेडरमध्ये चारही नळ्या जिथे एकत्र येतात त्या कलेक्टरमध्ये तो बसतो, म्हणजे बराच खाली आणि मागे. तिथे वायू थोडा थंड झालेला असतो आणि पोचायलाही थोडा उशीर लागतो. दुसरा बदल वायरचा. मूळ वायर तिथवर पुरत नाही, म्हणून मध्ये एक्स्टेन्शन जोडावं लागतं. तिसरा बदल सांध्यांचा. सिलिंडर हेडशी नवं गॅस्केट, कलेक्टरशी नवा सांधा, सेन्सरसाठी नवी आट्यांची बैठक. चौथा बदल म्हणजे जे जोडलंच गेलं नाही ते. या कॅमारोत थंड इंजिन सुरू झाल्यावर एक्झॉस्टमध्ये हवा सोडणारी ‘एआयआर’ यंत्रणा असे. काही हेडरना तिच्या नळ्या जोडायची सोयच नसते. मग पी०४१० हा कोड येतो. तो ऑक्सिजन सेन्सरचा कोड नव्हे, पण ईसीयूला ती हवा पोचली की नाही हे कळतं ते सेन्सरच्याच आकड्यावरून. शिवाय त्या यंत्रणेचा एकमार्गी व्हॉल्व्ह गळका झाला, तर नको तेव्हा हवा एक्झॉस्टमध्ये शिरते आणि सेन्सर लीन दाखवत राहतो.

पाचवा बदल मंडळी हमखास सांगतात: “हेडरमुळे इंजिन जास्त श्वास घेतं, म्हणून लीन झालं.” हे अर्धंच खरं. एलएस१मध्ये आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असतो. जास्त हवा आली तर ती मोजली जाते आणि तितकं पेट्रोलही वाढतं. अशा गाडीत निव्वळ हेडरमुळे लीनचा कोड यायला नको. आला तर गळती किंवा वायरिंग शोधावं. ज्या इंजिनात हवा थेट न मोजता इनटेक मॅनिफोल्डच्या दाबावरून किंवा थ्रॉटलच्या उघडीपीवरून तिचा अंदाज बांधला जातो, तिथे मात्र जुना तक्ता थोडा चुकू लागतो आणि ट्यूनिंग करून घेणं योग्य.

कोड वाचताना

कॅलिफोर्नियानं पुढाकार घेतल्यानंतर १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२ ही दोष नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली. सोळा पिनांचा एकच कनेक्टर, सगळ्या कंपन्यांना समान कोड. त्यामुळे आज साधा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइल यांच्यावर कोणीही कोड वाचू शकतो. वाचायचा कसा, हे मात्र समजून घ्यावं लागतं.

व्ही इंजिनाला सिलिंडरच्या दोन रांगा असतात, म्हणजे दोन बँक. एक नंबरचा सिलिंडर ज्या बाजूला, ती बँक एक. एलएस१मध्ये ती अमेरिकी ड्रायव्हरच्या, म्हणजे डाव्या बाजूला येते. फोर्डच्या व्ही८मध्ये ती उजव्या बाजूला. एका कंपनीच्या गाडीवर हात बसलेला माणूस दुसऱ्या कंपनीच्या गाडीत चुकीच्या बाजूचा सेन्सर बदलून बसतो, तो इथे. कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर नंबर एक, नंतरचा नंबर दोन.

आता कोडांचे गट पाहा. बँक एकच्या पुढच्या सेन्सरसाठी पी०१३१ म्हणजे व्होल्टेज फार कमी, पी०१३२ म्हणजे फार जास्त, पी०१३३ म्हणजे प्रतिसाद मंद, पी०१३४ म्हणजे हालचालच नाही आणि पी०१३५ म्हणजे हीटरच्या सर्किटमध्ये दोष. बँक दोनसाठी हेच पाच कोड पी०१५१ ते पी०१५५ असे येतात. पी०१७१ आणि पी०१७४ म्हणजे अनुक्रमे बँक एक आणि दोन लीन. पी०१७२ आणि पी०१७५ म्हणजे रिच. पी०४२० आणि पी०४३० हे कन्व्हर्टरचे. यांतला एकही कोड “सेन्सर बदला” असं म्हणत नाही. ईसीयूनं काय पाहिलं, एवढंच प्रत्येक कोड सांगतो.

कोड पुसण्याआधी ‘फ्रीझ फ्रेम’ लिहून घ्यावी. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, पाण्याचं तापमान किती होतं, गाडी आयडलिंगला होती की धावत होती, हे त्यात असतं. त्यासोबत फ्युएल ट्रिम बघावेत. ईसीयूनं ठरलेल्या मापापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा कमी केलं, तो हा आकडा. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली. दोन्हींची बेरीज उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांत असली तर काळजी नसावी. ती पंचवीसच्या घरात गेली की दुरुस्तीची मर्यादा संपते आणि कोड उमटतो.

आधी हीटर, मग वायर

हेडरनंतर येणाऱ्या कोडांत हीटरचे कोड बरेच असतात आणि तपासायला तेच सर्वांत सोपे. सिरॅमिक लवकर तापावं म्हणून सेन्सरच्या पोटात छोटा हीटर असतो. चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन वायरी हीटरच्या, एक सिग्नलची आणि एक सिग्नलच्या अर्थची. हीटरच्या दोन्ही वायरी बहुतेक वेळा एकाच रंगाच्या असतात.

इंजिन पूर्ण थंड असताना कनेक्टर काढून सेन्सरच्या बाजूला मल्टीमीटर लावावा. काही ओहमचा रोध दिसायला हवा, नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटला आहे आणि अशा वेळी सेन्सर खरोखरच बदलायचा असतो. हीटर ठीक निघाला तर इग्निशन चालू करून गाडीच्या बाजूच्या कनेक्टरवर बारा व्होल्ट येतात का ते पाहावं. येत नसतील तर फ्यूज. अनेक गाड्यांत एकाच फ्यूजवर दोन-तीन किंवा चारही सेन्सरचे हीटर असतात. त्यामुळे हीटरचे तीन-चार कोड एकदम आले तर तीन-चार सेन्सर एकदम गेले असं समजू नये. एखादी वायर हेडरला टेकली, तिचं आवरण वितळलं, ती धातूला लागली आणि सगळ्यांचा मिळून एकच फ्यूज उडाला, असा प्रकार असतो. नवा फ्यूज टाकण्याआधी ती वायर शोधावी, नाहीतर तोही उडतो.

वायर लांबवताना अनेक जण ती कापतात, मध्ये तुकडा घालतात आणि डाग देऊन जोडतात. ऑक्सिजन सेन्सरच्या बाबतीत हे टाळावं. सिरॅमिकच्या आतल्या बाजूला जी संदर्भाची हवा लागते, ती कित्येक सेन्सरमध्ये वायरींच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतूनच आत जाते. डाग दिला की ती वाट बुजते. कनेक्टरमध्ये ग्रीस भरल्यानंही तेच होतं. त्यापेक्षा दोन्ही टोकांना कनेक्टर असलेलं तयार एक्स्टेन्शन घ्यावं आणि नळ्यांपासून दूर, गिअरबॉक्सच्या वरून, धातूच्या क्लिपांनी बांधून न्यावं. प्लॅस्टिकचे टाय तिथल्या उष्णतेत टिकत नाहीत.

सेन्सर बसवण्याच्या कोनाकडेही बघावं. थंड एक्झॉस्टमध्ये पाणी साचतं. सेन्सरचं टोक वरून खाली यायला हवं आणि तो आडव्या पातळीपेक्षा निदान दहा अंश वर कललेला हवा. खालून वर घुसवलेल्या सेन्सरवर हे पाणी साचतं आणि तापलेलं सिरॅमिक तडकतं. हेडर निवडतानाच ही बैठक कुठे आहे ते पाहून घेतलं तर पुढचा त्रास वाचतो.

४५० मिलिव्होल्टची सरळ रेघ

जनरल मोटर्सच्या ईसीयूची एक सवय निदानाला फार उपयोगी पडते. तो सिग्नलच्या वायरवर स्वतःहून सुमारे ४५० मिलिव्होल्ट ठेवतो. सेन्सर तापून कामाला लागला की तो हा आकडा वर-खाली ओढतो. सेन्सर थंड असेल किंवा वायर तुटलेली असेल, तर ओढणारं कोणी नसतं आणि स्कॅनरच्या आलेखावर ४५०च्या आसपास सरळ रेघ दिसते. पी०१३४ म्हणजे बऱ्याचदा हीच रेघ. रेघ शून्याजवळ चिकटली असेल तर सिग्नलची वायर अर्थला लागली असेल, किंवा गळतीतून हवा येत असेल. दोन्हीत फरक करायला कनेक्टर काढावा. आकडा ४५०वर आला तर वायर ठीक आहे, शून्यावरच राहिला तर वायर कुठेतरी धातूला टेकली आहे.

हीच युक्ती हेडरच्या कामातली एक फसवी चूक पकडून देते. गिअरबॉक्सच्या आसपास दोन्ही बाजूंच्या सेन्सरचे कनेक्टर जवळजवळ येतात. लांब एक्स्टेन्शन लावताना डाव्याची वायर उजव्याला आणि उजव्याची डाव्याला लागली की इंजिन विचित्र वागू लागतं. समजा, दोन शेजारच्या खोल्यांच्या पंख्यांचे रेग्युलेटर अदलाबदल झालेत. पहिल्या खोलीतल्याला उकडतं म्हणून तो रेग्युलेटर वाढवतो, वारा वाढतो तो दुसऱ्या खोलीत. दुसऱ्याला थंडी वाजते, तो आपला रेग्युलेटर कमी करतो, पंखा मंदावतो तो पहिल्याचा. दोघंही टोकाला जाईपर्यंत हे थांबत नाही.

इंजिनातही असंच होतं. बँक एक किंचित लीन आहे अशी खबर येते, पण ती असते बँक दोनची. ईसीयू बँक एकला पेट्रोल वाढवतो. खबर बदलत नाही, म्हणून आणखी वाढवतो. तिकडे बँक एक खरोखर रिच झाल्याची खबर बँक दोनच्या नावानं येते, म्हणून बँक दोनचं पेट्रोल कमी होतं आणि ती आणखी लीन होते. शेवटी एका बँकेचा ट्रिम अधिक पंचवीस, दुसरीचा उणे पंचवीस. कोड येतात जोडीनं: पी०१७१ आणि पी०१७५, किंवा उलट पी०१७२ आणि पी०१७४. इंजिन सुरू झाल्यावर ठीक चालतं, कारण तेव्हा ईसीयू सेन्सरचं ऐकतच नसतो. सेन्सर तापून ‘क्लोज्ड लूप’ सुरू झाला की मग गडबड वाढत जाते.

तपासणी दोन मिनिटांची. इंजिन चालू असताना डाव्या बाजूच्या पुढच्या सेन्सरचा कनेक्टर काढावा आणि स्कॅनरवर कोणता आकडा ४५०वर स्थिर झाला ते पाहावं. एलएस१मध्ये बँक एकचा व्हायला हवा. बँक दोनचा झाला तर वायरी उलट लागल्या आहेत. या चुकीपायी माणसं इंजेक्टर, पंप, दोन्ही सेन्सर बदलतात, आणि दुरुस्ती असते ती फक्त दोन कनेक्टरची.

खोटं लीन

हेडर ज्या तत्त्वावर काम करतो, तेच तत्त्व गळतीला बळ देतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की वायूचा दाबाचा ठोका नळीतून धावत जातो. तो कलेक्टरपाशी मोकळ्या जागेत पोचला की त्याच्या उलट, कमी दाबाची लाट मागे परतते. नळीची लांबी नीट साधली असेल तर ती लाट नेमकी वेळेवर व्हॉल्व्हपाशी येऊन उरलेला वायू ओढून घेते. हेडरचा सगळा फायदा या ओढीत आहे. पण फ्लँजपाशी केसाएवढी फट असली तर ती ओढ बाहेरची हवाही आत घेते. ती हवा सेन्सरवरून जाते. इंजिनात प्रत्यक्ष मिश्रण अगदी बरोबर असतं, तरी सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो. ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि इंजिन खरोखर रिच चालू लागतं, तरी कोड लीनचाच.

ही फट ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. थंड इंजिन सुरू केल्यावर हेडपाशी टॅपेटसारखा टिकटिक आवाज येतो आणि धातू तापून फुगला की तो कमी होतो. सांध्याच्या कडेला काजळीची काळी रेघ दिसते. प्लग काढले तर काळे निघतात, म्हणजे कोड लीनचा आणि प्लग रिचचे, हा विरोधाभास फार बोलका आहे. गॅस अ‍ॅनलायझर असेल तर कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन दोन्ही एकदम जास्त दिसतात. इंजिनात दोन्ही एकत्र शिल्लक राहायला मिसफायर लागतो. मिसफायर नसेल तर ऑक्सिजन बाहेरून आला आहे.

इनटेकच्या बाजूची व्हॅक्यूम गळतीही आयडलिंगला जास्त आणि रेस दिल्यावर कमी दिसते, म्हणून तिच्याशी गल्लत होते. फरक असा की इनटेकची मुख्य गळती सहसा दोन्ही बँकांचे ट्रिम वाढवते, तर हेडरच्या एका फ्लँजची गळती एकाच बँकेचा. आणि रेस दिल्यावरही, भाराखालीही ट्रिम वाढतच जात असेल, तर नजर पेट्रोलच्या पंपाकडे आणि मळलेल्या एमएएफकडे वळवावी.

फट नेमकी शोधायला गॅरेजमध्ये स्मोक मशिन असेल तर उत्तम. नसेल तर इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरची हवा आत सोडावी आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी मारावं. जिथे फुगे येतील तिथे फट. सेन्सरच्या बैठकीचं वेल्डिंग आणि कलेक्टरचा सांधाही विसरू नये. नव्या हेडरचे बोल्ट पहिल्या काही तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनंतर सैल पडतात, ते थंड इंजिनावर पुन्हा कंपनीनं दिलेल्या मापानं आवळावेत. गळती बुजवायला साधं सिलिकॉन वापरू नये. त्याच्या वाफांनी सेन्सरच्या टोकावर पांढरट थर बसतो, प्रतिसाद मंदावतो आणि पुढे पी०१३३ उमटतो. ‘सेन्सर सेफ’ असं लिहिलेलं सीलंटच घ्यावं.

जेव्हा कोड खरंच सांगतो

पी०४२० आणि पी०४३० यांची गोष्ट वेगळी. कन्व्हर्टर निरोगी असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो. त्यामुळे पुढचा सेन्सर नाचत असला तरी मागचा साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टवर शांत असतो. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला की ईसीयू म्हणतो, कन्व्हर्टर काम करत नाही. लाँग-ट्यूब हेडर बसवताना मूळ कन्व्हर्टर काढून टाकले असतील तर हा कोड येणारच, आणि तो शंभर टक्के खरा आहे. मूळ कन्व्हर्टर तसेच ठेवून हा कोड आला असेल, तर आधी पुढच्या आणि मागच्या सेन्सरच्या मधली गळती बघावी. कन्व्हर्टर मागे सरकवले असतील तर ते पुरेसे तापतात का, तेही पाहावं.

बाजारात मागच्या सेन्सरला वायूपासून दूर ठेवणारे स्पेसर आणि खोटा सिग्नल देणाऱ्या डब्या मिळतात. त्यांनी दिवा विझतो, धूर तसाच राहतो. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार उत्सर्जन यंत्रणेशी अशी छेडछाड बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात हेडरला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असावा लागतो. असा क्रमांक कन्व्हर्टरला धक्का न लावणाऱ्या आखूड हेडरना मिळतो, लांब हेडरना सहसा मिळत नाही. हागेन-स्मितनं उलगडलेलं धुरकं ज्या शहरावर होतं, त्याच्या राज्यातले नियम असे कडक का, हे वेगळं सांगायला नको.

आपल्या रस्त्यांवर

भारतात १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कन्व्हर्टर सक्तीचे झाले. सेन्सर आणि कन्व्हर्टर या दोघांनाही विषारी ठरणारं शिसं २००० पर्यंत पेट्रोलमधून गेलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर साध्या मोटारसायकललाही कन्व्हर्टरच्या जोडीला ऑक्सिजन सेन्सर आला. त्यामुळे पुण्या-कोल्हापुरात कोणी बाइकला बाहेरचा ‘फ्री फ्लो’ एक्झॉस्ट बसवला, तर त्याच्यापुढे कॅमारोवाल्याचाच प्रश्न उभा राहतो: सेन्सरची जागा, वायर, सांधा आणि गायब झालेला कन्व्हर्टर. बाइकच्या आखूड एक्झॉस्टमध्ये सायलेन्सरच्या तोंडातूनही बाहेरची हवा मागे ओढली जाऊ शकते, म्हणून तिथे गळतीचा संशय आणखी आधी घ्यावा. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, हेही खर्च करण्याआधी माहीत असावं.

पेट्रोलही बदललं आहे. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून शुद्ध इथेनॉलला एका किलोमागे हवा लागते सुमारे ९ किलोच. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या मापाच्या गाडीत टाकलं की लाँग टर्म ट्रिम काही टक्के वर सरकतो, आणि त्यात गैर काही नाही. पण आधीच वर सरकलेल्या ट्रिमवर हेडरची छोटी गळती पडली की मर्यादा लवकर गाठली जाते. म्हणून हेडर बसवण्याआधी गाडी गरम करून आयडलिंगला आणि २,५०० फेऱ्यांना ट्रिम किती आहेत, ते वहीत लिहून ठेवावं. नंतरच्या प्रत्येक आकड्याची तुलना त्या नोंदीशी करता येते, आणि अर्धं निदान तिथेच होतं.

बाकीचं निदान क्रमानं जावं: फ्रीझ फ्रेम आणि ट्रिम, मग मिसफायर आणि प्लगच्या वायरी, मग फ्यूज आणि हीटर, मग वायर कुठे टेकली किंवा उलटी लागली का, मग गळती, मग सेन्सरची जागा आणि कोन. हे सगळं स्वच्छ निघालं, तरी सेन्सरचा आकडा मंद किंवा स्थिरच राहिला, तर नवा सेन्सर जरूर आणावा. तोवर पाना जागेवरच राहू द्यावा. या तपासणीत साबणाचं पाणी, मल्टीमीटर आणि थोडा वेळ लागतो, आणि तिच्या शेवटी हातात उत्तर येतं. सेन्सर बदलून पाहण्यात पैसे जातात आणि उत्तर मिळेलच असं नाही.